सर्व्हरवरून चोवीस मशीनवर सॉफ्टवेअर टाकायचे, तर आधी काय बघायचे

सर्व्हरवर बसून एक कमांड दिली की चोवीस मशीनवर सॉफ्टवेअर पडते, हे खरे. पण ती कमांड देण्याआधी प्रत्येक मशीनपाशी एकदा जाऊन बसावेच लागते. ही यादी त्या पहिल्या फेरीची आहे. डोळ्यांपुढे तालुक्याच्या गावच्या कॉलेजची लॅब धरली आहे: २४ डेस्कटॉप, एक विंडोज सर्व्हर, एक स्विच आणि खिडकीत कूलर. टाकायचे आहे लिब्रेऑफिस हे फुकट मिळणारे ऑफिस सॉफ्टवेअर, म्हणजे साधारण साडेतीनशे एमबीचे पॅकेज. दुसरे काही टाकायचे असेल तरी बहुतेक गोष्टी याच राहतील.

आधी दिवस ठरवा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे मेची सुटी मोकळी दिसते. पण दुपारी पारा ४५ वर असताना २४ मशीन एकदम चालवली की जुन्यांचे पंखे ओरडायला लागतात आणि एखादे आपोआप बंद पडते. मेमध्येच करायचे असेल तर सकाळी ७ ते ११ एवढेच धरा. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटायला शटडाउन घेतात, म्हणून लाइनमनभाऊंना आदल्या दिवशी विचारून ठेवा. बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी लॅबची चाबी ज्याच्याकडे असते तो सापडत नाही.

मग एक वही घ्या. प्रत्येक मशीनच्या नावाने एक ओळ: मशीनचे नाव, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा कायमचा नंबर), विंडोजची आवृत्ती आणि एडिशन, रॅम, सी ड्राइव्हवर मोकळी जागा, घड्याळ बरोबर की चूक. तोच नंबर मार्करने कॅबिनेटवर टाका, नाहीतर "सात नंबर फेल" असे सर्व्हर सांगेल आणि सात नंबर कुठला यावर अर्धा तास जाईल. एडिशन होम असेल तर ते मशीन डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या गटात, जातच नाही, प्रो लागते. देणगीत आलेल्या मशीनमध्ये होम हमखास निघते. एकाच डिस्कवरून क्लोन केलेल्या लॅबमध्ये दोघातिघांचे नाव एकच असते, ते आत्ताच बदला. मोकळी जागा पॅकेजच्या किमान चौपट हवी, कारण पॅकेजची प्रत, उलगडलेल्या फायली आणि विंडोजने स्वतःसाठी ठेवलेली प्रत हे सगळे सी ड्राइव्हवरच येते.

घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण निम्मा वांधा तिथेच असतो. डोमेनमध्ये सर्व्हर आणि मशीन यांच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत, ओळख नाकारतो, आणि सर्व्हरवरचे धोरण (ग्रुप पॉलिसी) त्या मशीनपर्यंत पोचत नाही. आपल्याकडे रोज संध्याकाळी लॅबचा मेन स्विच पाडतात. मशीनला प्लगमधून मिळणारा थोडासा करंटही बंद होतो आणि रात्रभर घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलवरच चालते. तो लवकर उतरतो. सकाळी मशीन सुरू केले की तारीख कित्येक वर्षे मागे. सेल काढून मल्टीमीटरवर बघा, २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. नवा टाकल्यावर बायोसमध्ये तारीख, वेळ आणि बूटचा क्रम पुन्हा नीट लावा. २४ मशीनला सहा सेल जवळ असू द्या.

आता तारा. २४ मशीन आणि सर्व्हर मिळून २५ पोर्ट होतात, आणि स्विच असतो २४ चा. मग कुणीतरी कपाटातला जुना ८ पोर्टचा १०० एमबीपीएसवाला जोडतो आणि नेमका सर्व्हर त्यात जातो. हिशेब करून बघा: साडेतीनशे एमबी गुणिले २४ म्हणजे ८.४ जीबी. १०० एमबीपीएसवर सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी पावणेतेरा मिनिटे. गिगाबिटवर तोच डेटा दीड मिनिटाच्या आत निघतो, पुढे अडवतो तो हार्ड डिस्कचा वेग. म्हणून सर्व्हर मोठ्या स्विचच्या गिगाबिट पोर्टमध्येच हवा, छोट्यात एखाद-दोन मशीन गेली तरी चालेल. प्रत्येक मशीनवर ईथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड वाचा. स्विच आणि कार्ड दोन्ही गिगाबिट असून १०० दिसत असेल तर केबलची एखादी जोडी तुटलेली आहे: १०० ला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बहुतेक वेळा कारण उंदीर असतो, नाहीतर घाईत केलेले क्रिम्पिंग, म्हणजे केबलला दाबून बसवलेले टोक. नवीन टोक बसवताना क्रम असा: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. दुसऱ्या इमारतीत दोन-चार मशीन असतील आणि तिथपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल, तर मृगाच्या आधीच्या विजांनी दोन्हीकडचे पोर्ट उडतात. तिथे फायबर टाका.

विजेच्या लाइनचा बंदोबस्त करताना सर्व्हरला यूपीएस आहे एवढ्यावर समाधान मानू नका. स्विच कशावर आहे ते बघा. तो बहुतेक वेळा भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये असतो. लाइन डोळा मिटेपर्यंत गेली आणि आली, मशीन यूपीएसवर तगली, पण स्विच बंद पडून पुन्हा उठला आणि चालू कॉपी तुटली. स्विच खातो १५-२० वॅट, तो सर्व्हरच्या यूपीएसवर घ्या. यूपीएसची परीक्षा प्लग काढूनच करायची, दिव्याच्या रंगावर विश्वास ठेवू नका. किती मिनिटे तगला ते वहीत लिहा. १० मिनिटांपेक्षा कमी असेल तर बॅटरी बदलल्याशिवाय सुरुवात करू नका. कूलरचा झोत मशीनच्या रांगेवर येत असेल तर तोंड फिरवा. जिनिंगच्या गावात कपाशीचा फुफाटा पंख्यात अडकून आधीच गादी झालेली असते, त्यावर ओल बसली की ती ब्लोअरनेही निघत नाही.

पॅकेज अमरावती-नागपूरकडे चांगल्या इंटरनेटवर उतरवून आणा. दोन-तीन एमबीची सेटअप फाइल दिसली तर ती ऑनलाइन इन्स्टॉलर असते. प्रत्येक मशीन पुन्हा इंटरनेटवर जाईल आणि लॅबचे इंटरनेट दिवसभर अडकून पडेल. पूर्ण ऑफलाइन फाइलच घ्या, शक्यतो एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरची फाइल), कारण ग्रुप पॉलिसीतून सॉफ्टवेअर वाटायचे तर तीच चालते. ३२ बिटची मशीन असतील तर ती वेगळी काढा. उतरवल्यावर विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने एसएचए-२५६, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा, काढून संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. फक्त ईएक्सई मिळत असेल तर ती गुपचूप चालवायचा स्विच, म्हणजे कमांडच्या शेवटी लावायचा शब्द, कोणता ते आधीच शोधा. इनो सेटअप आणि एनएसआयएस ही सेटअप बनवायची दोन साधने: पहिल्याच्या फायलींना स्लॅश व्हेरीसायलेंट, दुसऱ्याच्या फायलींना स्लॅश एस, आणि हा एस मोठ्या लिपीतलाच. चुकीचा स्विच दिला तर सेटअप पडद्यामागे एक खिडकी उघडतो, जी कुणालाच दिसत नाही आणि कुणीच ओके दाबत नाही.

शेअर केलेल्या फोल्डरचा पत्ता पॉलिसीत देताना डी ड्राइव्ह असे कधीही देऊ नका. दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचे नाव, मग फोल्डर. डी म्हटले की प्रत्येक मशीन स्वतःच्या डीमध्ये शोधते. पॉलिसीत इन्स्टॉल माणसाच्या खात्याऐवजी कॉम्प्युटरला असाइन केले की ते लॉगिनच्या आधी होते, त्या वेळी वाचणारा माणूस नसून मशीनचे खाते असते. म्हणून डोमेन कॉम्प्युटर्स या गटाला वाचण्याची परवानगी शेअरवरही द्या आणि फोल्डरच्या सिक्युरिटीतही द्या. दोन्हीपैकी एक विसरला तर १६१९, म्हणजे पॅकेज उघडता आले नाही, हा एरर येतो. मशीनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता कुणाला विचारायचा त्या जागी, सर्व्हरचाच आयपी हवा. राउटरचा किंवा ८.८.८.८ टाकलेला असेल तर इंटरनेट छान चालते, फक्त डोमेन सापडत नाही. पॉलिसीत "स्टार्टअपला नेटवर्कची वाट पाहा" हे चालू करा, नाहीतर कार्ड जागे होण्याआधीच विंडोज पुढे निघून जाते. फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यात शटडाउन हा पुरता शटडाउन नसतो. स्टार्टअपच्या वेळचे काम रीस्टार्ट केल्याशिवाय होत नाही. इन्स्टॉल पॉलिसीतल्या स्टार्टअप स्क्रिप्टने करत असाल तर तिच्यासाठी विंडोज दहाच मिनिटे थांबते. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढे पुरत नसेल तर ती मर्यादा पॉलिसीतून वाढवा.

डोमेन नसेल, साधा वर्कग्रुप (प्रत्येक मशीन आपापले) असेल, तर सगळ्या मशीनवर एकाच नावाचे आणि पासवर्डचे ॲडमिन खाते, नेटवर्क पब्लिकचे प्रायव्हेट, फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंग चालू, आणि रजिस्ट्रीत लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी १, म्हणजे त्या खात्याला दुरूनही पूर्ण ॲडमिन हक्क मिळतात. एवढे झाल्यावरच पीएसएक्झेक, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवायचे साधन, आत शिरतो. पॉवरशेलने दुरून आत गेल्यावर तिथून शेअरवरची फाइल उघडायला गेलात तर परवानगी मिळत नाही, कारण तुमची ओळख दुसऱ्या उडीपर्यंत पोचत नाही. आधी रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-कमांडने पॅकेज मशीनवर न्या, मग तिथलेच चालवा. रोबोकॉपीला स्लॅश झेड द्या, मधे लाइन गेली तर पुन्हा तिथूनच सुरू होते. सर्व्हर म्हणून विंडोज ११ प्रोचे साधे मशीन वापरत असाल तर त्याच्या शेअरला एका वेळी २० च जोडण्या मिळतात, २१ व्याला नकार.

लॅबमध्ये डीप फ्रीझ (रीस्टार्ट झाले की मशीन पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर) असेल तर आधी थॉ करा, म्हणजे ते तात्पुरते बंद करा. हे विसरले की सगळे हिरवे दिसते, वहीत चोवीस टिक होतात, आणि दुसऱ्या सकाळी लॅब जशीच्या तशी. वेक-ऑन-लॅनच्या, म्हणजे नेटवर्कवरून मशीन चालू करायच्या, नादी मात्र लागू नका: प्रत्येक बायोसमध्ये जाण्यापेक्षा शिपाईभाऊ दोन मिनिटांत चोवीस बटणे दाबतात.

चाचणी दोन मशीनवर: एक सगळ्यात चांगले, एक सगळ्यात रडके. कमांडमध्ये क्यूएन (खिडकी न दाखवता) आणि नोरीस्टार्ट (आपोआप रीस्टार्ट नको) यांच्यासोबत लॉगची, म्हणजे काय काय झाले ते टिपणारी, फाइल द्याच. रडक्याला किती मिनिटे लागली ते लिहा, बाकीचा अंदाज त्यावर. मग विद्यार्थ्याच्या खात्यातून लॉगिन करून लिब्रेऑफिसचा रायटर उघडा आणि मराठी कीबोर्डवर "पऱ्हाटी" टाइप करा. ऱ्ह नीट जुळला तर फॉन्ट आणि कीबोर्ड दोन्ही ठीक. ॲडमिनमधून उघडून पाहिलेली चाचणी धरू नका.

बाकीची मशीन सहा-सहाच्या तुकडीने घ्या. एक तुकडी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी नको, म्हणजे लाइन गेलीच तर अर्धवट राहतील ती सहाच. इन्स्टॉल संपल्यावर मिळणारा परतीचा आकडा वाचायचा: ० म्हणजे झाले, ३०१० म्हणजे झाले पण रीस्टार्ट बाकी, १६१८ म्हणजे दुसरे काही इन्स्टॉल चालू आहे, बहुधा विंडोज अपडेट, पंधरा मिनिटांनी पुन्हा. १६०३ म्हणजे इन्स्टॉल फसले, पण का ते आकड्याने कळत नाही, लॉग उघडून "रिटर्न व्हॅल्यू ३" शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. जागा संपलेली, जुनी आवृत्ती अडकलेली किंवा अँटिव्हायरस, यातले काहीतरी निघेल. मधेच लाइन गेलेल्या मशीनवर १७०४ दिसला तर आधीचे इन्स्टॉल अर्धवट टांगलेले आहे. तेच पॅकेज पुन्हा चालवून त्याला मागे जाऊ द्या, मग नव्याने.

सोबतच्या पिशवीत क्रिम्पिंग टूल, दहा-बारा आरजे-४५ (केबलची टोके), लॅन टेस्टर, दोन पॅच कॉर्ड, ८ पोर्टचा एक गिगाबिट स्विच, सेल, आणि पॅकेज भरलेला पेन ड्राइव्ह. धारणी किंवा सिरोंच्यासारख्या ठिकाणी स्विच उडाला तर दुसरा मिळेपर्यंत दिवस जातो. दोन प्रयत्नांत न झालेल्या मशीनवर पेन ड्राइव्हनेच टाका, त्यात कमीपणा नाही.

काम झाल्यावर टोकन फिल्टर पुन्हा ०, डीप फ्रीझ पुन्हा चालू. शेअरचे फोल्डर मात्र हलवू नका, नावही बदलू नका. पुढे कधी रिपेअर किंवा अनइन्स्टॉल करताना विंडोज ते तिथेच शोधायला जाते, आणि मिळाले नाही की १६१२ देते. फोल्डरचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वही स्विचच्या बाजूला खिळ्याला टांगा.