मुंबई ते लंडन: आई-बाबांना पाठवताना आधी तासांचा हिशेब

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. ताशी 900 किलोमीटरने भागलं तर आठ तास येतात, पण आई-बाबांची तयारी आठ तासांवर बेतू नका. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. थेट विमानालाही साडेनऊ-दहा तास धरा. परतीला वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ थोडा कमी लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे दोघांना कागदावर मांडून दाखवा. दुपारी दोनला निघून संध्याकाळी साडेसातला पोहोचणारं विमान साडेपाच तासांचं वाटतं. त्यात उन्हाळ्यातला साडेचार तासांचा फरक मिळवला की दहा तास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो. यात तीन तास आधी विमानतळावर पोहोचणं, तिथवरचा रस्ता, उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग आणि पुढची गाडी धरा. घर ते घर सोळा-सतरा तास सहज जातात.

औषधांचं वेळापत्रक याच हिशेबावर लावा. सकाळी आठची बीपीची गोळी म्हणजे उन्हाळ्यात लंडनचे पहाटेचे साडेतीन. ती पुढे कशी सरकवायची हे डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरात लिहून द्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये. सगळी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत मुळीच नको. बॅग मागे राहिली तर औषधंही मागे राहतील. पॉवर बँकही हातातच.

व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला निदान दोन दिवस आधी कळवा. संकोच करू नका, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर बरंच चालावं लागतं. जागा मधल्या वाटेलगतची घ्या, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता फेऱ्या मारता येतात. पाणी पीत राहावं, बसल्या जागी पावलं वर-खाली हलवावीत. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले की पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. पूर्वी तसा त्रास झाला असेल तर त्याबद्दलही डॉक्टरांशी बोला.

खाऊच्या पिशवीत पेढे, खवा, साजूक तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. सुकं खोबरंही घरीच ठेवा, त्यातल्या तेलामुळे विमानात ते धोकादायक वस्तूंत मोडतं. लोणचं मोठ्या बॅगेत, नीट सीलबंद.

व्हिसा, विमा, परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती दोघांच्याही पिशवीत वेगवेगळ्या द्या. त्यांच्याबरोबर मुलाचा किंवा मुलीचा लंडनचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे फोन बंद पडला तरी ती कुणालाही दाखवता येईल.