वरून कोरडे दिसणारे भंगार, आणि कारखान्यातल्या आणखी काही चुका

पाऊस पडून गेल्यावर भंगाराचा ढीग वरून दोन तासांत सुकतो आणि आतून कित्येक दिवस ओला राहतो, ही साधी गोष्ट जालन्यातल्या, विजेवर भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांवर दर पावसाळ्यात नव्याने शिकवावी लागते. वितळलेल्या पोलादाचे तापमान सुमारे १,६०० अंश सेल्सिअस असते. त्याच्या पृष्ठभागावर पडलेले थोडे पाणी चर्र होऊन उडून जाते. तेच पाणी भंगाराबरोबर पोलादाच्या पातळीखाली गेले, की क्षणात त्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा मागते आणि वर येताना भट्टीतले पोलाद उसळवते. भट्टी सुरू असताना धगीने ओले भंगार सुकेल, असे मानणारा सुपरवायझर नेमके हेच विसरतो.

मी नोकरीला नवा असताना एका कारखान्यात हे माझ्या डोळ्यांसमोर घडले. परतीच्या पावसाचे दिवस होते, रात्रपाळी होती, शेडमधला कोरडा माल संपला होता आणि हीट, म्हणजे भट्टीत वितळत असलेला घाणा, अर्ध्यावर होती. उघड्या यार्डातले दाबून बांधलेले गठ्ठे आणले गेले, तेव्हा मेल्टरने, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या कामगाराने, स्पष्ट सांगितले, "साहेब, हे आतून ओले हाय, आधी फलाटावर तापू द्या." सुपरवायझरला हीटला उशीर नको होता. मी तिथेच उभा होतो, पण त्याला माझ्यापेक्षा अधिक कळते असे समजून गप्प राहिलो. पहिला गठ्ठा निमूट विरघळला; दुसरा पातळीखाली गेला आणि पोलाद पत्र्याच्या छपरापर्यंत उडाले. चामड्याचा ॲप्रन आणि चेहऱ्यावरची ढाल होती म्हणून मेल्टर वाचला, तरी त्याचे दोन्ही हात कोपरापासून खाली भाजले आणि उजव्या हाताची बोटे पुढे कधीच पूर्ण मिटली नाहीत. त्याच्या मदतनिसाच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. तो वितळून कातडीला चिकटला आणि डॉक्टरांना तो कातडीसकट सोडवावा लागला.

तेव्हापासून मी भंगाराचा ढीग वरून पाहत नाही. पाळी सुरू होताना जाड हातमोजा घालून दोन-तीन ठिकाणचा माल उपसायला लावतो आणि तळचा तुकडा हातात घेतो. पावसाळ्यात दाबलेला गठ्ठा थेट भट्टीत जाऊ देत नाही, कारण त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाही दिसत नाही. निदान एक पूर्ण पाळी तो छपराखाली, भट्टीच्या फलाटाजवळ सुकला पाहिजे. गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर, जुने सिलिंडर आणि दोन्ही तोंडे दाबून बंद झालेले पाइप तर उन्हाळ्यातही धोक्याचे असतात, कारण आत अडकलेले तेल, हवा किंवा पाणी बाहेर पडायला वाट नसते. असा माल मी बाजूला काढून परत पाठवतो. तो गॅस कटरने तिथल्या तिथे उघडण्याची सूचना हमखास येते. बंद भांड्याला ज्योत लावणे म्हणजे भट्टीतला स्फोट कटर चालवणाऱ्याच्या हातात देणे होय, म्हणून मी ती कधीही मान्य केलेली नाही.

दुसरी चूक टाकीत उतरण्याची. मराठवाड्याच्या ऊसपट्ट्यातले मळीचे आणि सांडपाण्याचे हौद असोत किंवा औषध कारखान्याची रिॲक्टर टाकी, माणूस झाकण उघडतो, वास घेतो आणि खाली उतरतो. सडलेल्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हवेत दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग इतका झाला, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा होत नाही, तो वाढलाही असू शकतो. आंबणाऱ्या मळीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तर वासच नसतो. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेल्या जागेत श्वसनयंत्राशिवाय कोणीही उतरू नये. गॅस मीटर तोंडाशी धरून समाधान मानणाऱ्यांना मी तो दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडायला लावतो, कारण जड वायू तळाशी साचतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने हा नियम स्पष्ट घालून दिला होता: सक्षम व्यक्तीने चाचणी करून दिलेला लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरेचा पट्टा, ज्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. कलम ३६-अ ने आतल्या हातदिव्याला साधारणतः २४ व्होल्टची मर्यादा घातली होती. तरीही एक जण खाली कोसळला, की दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो आणि दोघेही जातात. ही माया समजते, पण दोर हातात घेतलेल्या माणसाने जागा सोडायची नाही, असे मी उतरण्याआधी त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेतो. त्याचे काम ओढण्याचे आणि हाक मारण्याचे आहे.

यंत्र दुरुस्तीला घेताना स्विचवर "काम चालू आहे" अशी पाटी लावणे पुरेसे नाही. स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत, कारण फिरती टोके मोजा ओढतात आणि मोज्याबरोबर बोटे. ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी हत्याराच्या लाकडी मुठीने हलके वाजवून पाहावे; खणखणीत आवाज आला नाही, तर ते वापरू नये.

उन्हाळ्याबद्दल मात्र थोडे अधिक लिहिणे भाग आहे. मे महिन्यात बाहेरच पारा ४० अंशांच्या वर असतो आणि भट्टीच्या फलाटावर नव्याने आलेला तरुण पहिल्याच दिवशी जुन्या कामगाराच्या बरोबरीने उभा राहतो. उष्णतेची सवय शरीराला हळूहळू लागते; म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी तापलेल्या जागी पाळीच्या पाचव्या भागाइतकाच वेळ ठेवतो आणि रोज तेवढाच वेळ वाढवतो. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर द्यायचे असते, आणि ते मडके फलाटापासून दहा पावलांच्या आत असले पाहिजे. लांब असेल तर कोणी उठून जात नाही.