मंडळाचं प्रथमोपचार प्रशिक्षण: या चुका टाळा

खुर्च्यांवर शंभर जण, समोर एक वक्ता, पडद्यावर चित्रं आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं. सरावाचा पुतळा एकच, त्याला हात लागतो पुढच्या रांगेतल्या चौघांचा. मंडळं सर्वांत मोठी चूक करतात ती हीच. माणसं कमी बोलवा, पण प्रत्येकाने पुतळ्याच्या छातीवर सलग दोन मिनिटं दाब दिलाच पाहिजे.

हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायचा हा दाब (सीपीआर) 5 ते 6 सेंटिमीटर खोल हवा, वेग मिनिटाला 100 ते 120. सुरुवातीला सगळ्यांचं छान चालतं. मग कोपरं वाकतात, दाब उथळ होतो आणि दमलेला माणूस छातीवरच रेलून राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात पुरेसं रक्त भरत नाही. दाब खोल जात नसेल तर खांदे तळहातांच्या बरोबर वर आणा, कोपरं ताठ ठेवा आणि अंगाचं वजन टाका. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, तोही खोळंबा न करता. याचाही सराव हवा.

श्वास ओळखण्यात तर जाणती माणसंही फसतात. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येतो आणि ‘श्वास चालू आहे’ म्हणून लोक थांबतात. हाकेला प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, मग थांबायचं नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि दाब सुरू करा.

जुन्या समजुती सभासदांकडून वदवून घ्या, नाहीतर त्या मनात तशाच राहतात. भाजल्यावर टूथपेस्ट नको, 20 मिनिटं वाहतं गार पाणी. घोळणा फुटला तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं दाबून धरायचा. थांबलं का म्हणून मध्येच सोडून बघायचं नाही. फिट आली तर तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका.

प्रथमोपचार पेटीला कुलूप नको.

हे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं, म्हणून अधूनमधून बैठकीआधी दहा मिनिटं उजळणी ठेवा. त्यात ‘कुणीतरी फोन करा’ हे वाक्य बंद करा. एकाकडे बोट दाखवून, नाव घेऊन सांगा.