जर्मन घेऊन बीए, एमए करायचंय? आधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की ओळखीतून फोन यायला लागतात. "मुलीला जर्मन आवडतं, मार्कही चांगले पडलेत. बीएला जर्मन घेऊ दे, की मॅक्स म्युलर भवनच्या लेव्हल्स करत बीकॉम करू दे?" मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचं एमए केलं. आता शिकवते आणि अनुवाद करते, म्हणून लोक मला विचारतात. त्यांना फोनवर घाईत जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

लेव्हल्स आणि पदवी यांची गल्लत करू नका. ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्या तुम्हाला भाषा किती वापरता येते तेवढंच मोजतात. नर्सिंग करून जर्मनीत जायचंय, आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करत करत घ्यायच्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी जायचंय, इंजिनिअर आहात आणि चाकणच्या कंपनीत जर्मन उपयोगी पडेल असं वाटतंय, तर सरळ लेव्हल्स करा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून अशी चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी बीएची वर्षं खर्ची घालण्यात अर्थ नाही. पदवीला भाषा लागतेच, पण अभ्यास असतो तो साहित्याचा, इतिहासाचा, भाषाशास्त्राचा आणि अनुवादाचा. ज्याला मुळात वाचायचाच कंटाळा आहे, त्याचे दुसऱ्या वर्षी फार हाल होतात. हे मी पालकांना स्पष्ट सांगते, मुलांच्या देखत.

कुठे शिकायचं? पुण्यात फर्ग्युसनमध्ये बीए करता येतं, आणि एमएसाठी विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडेत आहे. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला. बाहेर राहायची तयारी असेल तर दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला इफ्लू म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, वाराणसीला बीएचयू. जेएनयूच्या बीएला अगदी मुळाक्षरांपासून सुरुवात होते, त्यामुळे शाळेत जर्मन नव्हतं म्हणून मागे राहाल असं मुळीच नाही. लहान गावातून आलेल्या मुलांना याचीच धास्ती असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पहिलं वर्ष व्याकरणात जातं, आणि मराठी मुलांनी इथे अजिबात बिचकू नये. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे गेलेल्यांना चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी हे ऐकून हसू येतं. आपल्याला तीन लिंगांचं नवल नाही; कोणत्या नामाला कोणतं, एवढंच पाठ करायचं. 'कारण', 'जर', 'की' यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, आणि आपल्या वाक्यात ते एरवीही शेवटीच असतं. शाळेत संस्कृतच्या विभक्ती घोकल्या असतील तर जर्मनच्या चार फारशा जड जात नाहीत. झेड या अक्षराचा उच्चार 'चाक' आणि 'चूल' मधल्या च सारखा आहे. माझ्या हिंदी भाषक मैत्रिणींना तो जमवायला बराच सराव करावा लागला.

तेव्हा व्याकरणाची वही मराठीत ठेवा. वर्गात बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून समजावतात, आणि तो फेरा उगाच पडतो. अवघड काय जातं तेही सांगते. मुख्य वाक्यात क्रियापद हटकून दुसऱ्या जागी येतं, ते अंगवळणी पडायला महिने लागतात. विशेषणांचे शेवट बोलताना डोकं खातात. उ वर दोन टिंबं असलेला स्वर येत नसेल तर 'ई' म्हणत राहा आणि ओठ मात्र 'ऊ' म्हटल्यासारखे गोल करा. आरशासमोर केलंत तर लवकर जमेल. नाम नुसतं पाठ करू नका, लिंग आणि अनेकवचन त्याच दमात.

साहित्याचे तास सुरू झाले की अभ्यासाचा रंग बदलतो. हा बदल कसा असतो ते एका कथेवरून सांगते, कारण माझ्या मते पदवी कशासाठी करायची याचं उत्तर तिच्यात आहे.

वोल्फगांग बोर्शर्ट हा हाम्बुर्गचा लेखक, जन्म १९२१. युद्धावर पाठवला गेला, आजारी होऊन परतला आणि १९४७ साली वयाच्या २६व्या वर्षी गेला. 'दास ब्रोट' ही त्याची जेमतेम दोन पानांची कथा. रात्री अडीच वाजता एका बाईला जाग येते. शेजारचं अंथरूण रिकामं. ती स्वयंपाकघरात जाते तर तिथे नवरा उभा. टेबलावर पावाची ताटली, शेजारी सुरी, आणि टेबलक्लॉथवर पावाचा चुरा. रोज झोपण्याआधी ती टेबलक्लॉथ झाडून ठेवत असते, त्यामुळे चुरा आत्ताचा आहे हे तिला कळतं. तो म्हणतो, कसला तरी आवाज आला म्हणून उठलो. ३९ वर्षांच्या संसारानंतर तो खोटं बोलतोय हे तिला सोसवत नाही. तरी तीच त्याला सावरून घेते: बाहेर पन्हळ आपटली असेल वाऱ्याने. ताटलीकडे नजर जाऊ नये म्हणून दिवा मालवते. नंतर अंधारात तो हळूहळू काहीतरी चावतोय हे तिला ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्यापुढे तीनऐवजी चार तुकडे ठेवते. मला रात्री पाव नीट पचत नाही, म्हणते.

यातलं व्याकरण ए-२, फार तर बी-१ चं. मुलं भराभर वाचतात, अडलेले शब्द बघतात आणि म्हणतात, झाली की कथा. मग वर्गात प्रश्न येतात. पावाच्या एका तुकड्यासाठी म्हातारा माणूस मध्यरात्री चोरासारखा का उठतो? इथे युद्धानंतरचा भुकेचा काळ समजून घ्यावा लागतो: बॉम्बने उद्ध्वस्त झालेली शहरं, रेशनकार्डावर मोजून मिळणारा पाव, कडाक्याची थंडी. वाक्यं इतकी आखूड आणि कोरडी का? कारण बारा वर्षं नाझींनी भाषेत मोठमोठे शब्द इतके भरले होते की युद्धानंतरच्या तरुण लेखकांना त्या शब्दांचाच वीट आला होता. नवरा-बायकोला नावं का नाहीत? बाई दिवा कोणासाठी मालवते, त्याच्यासाठी की स्वतःसाठी? यावर आमच्या वर्गात चांगलंच भांडण झालं होतं, आणि ते जर्मनमधून झालं, तोडक्यामोडक्या वाक्यांत. व्याकरणाच्या वर्गात जी मुलगी तोंड उघडत नव्हती ती सगळ्यात जास्त बोलली. तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं, म्हणून भाषा आली. शिकवायला लागल्यापासून मी हे पुन्हा पुन्हा पाहते आहे.

अभ्यासक्रमात पुढे लेसिंग, गोएथे, काफ्का, ब्रेश्ट, पूर्व जर्मनीची क्रिस्टा वोल्फ, तुर्कस्तानातून येऊन जर्मनमध्ये लिहिणारी एमिने सेवगी ओएझदामार असे अनेक जण भेटतील. काफ्का प्रागचा, ड्युरेनमाट स्विस, बाखमान ऑस्ट्रियन. जर्मन म्हणजे एकटी जर्मनी नाही, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवलंत तर बरं.

एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे 'हिटलरने देशाला शिस्त लावली' असं शिकलेली माणसंही सहज बोलतात, आणि त्याचं आत्मचरित्र रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर राजरोस विकलं जातं. जर्मनचा विद्यार्थी असं बोलू शकत नाही. जर्मन शहरांत जुन्या घरांसमोरच्या फुटपाथवर नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पितळी पट्ट्या बसवलेल्या दिसतात. गुंटर डेमनिग या कलाकाराने हे काम सुरू केलं, आणि २०२३ पर्यंत युरोपभर अशा एक लाखावर पट्ट्या बसल्या. वर लिहिलेलं असतं की इथे अमुक राहत होती. खाली जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठे मारलं. पट्टी वाचायला पहिल्या सत्राचं जर्मन पुरतं. तिच्यामागे काय आहे ते समजून घ्यायला मात्र सगळी वर्षं लागतात, आणि ती सत्कारणी लागतात. आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकात बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांच्या ठेवणीवर पीएचडी केली. वंशाचा आणि त्या ठेवणीचा संबंध त्यांच्या मोजमापांत दिसला नाही, आणि मार्गदर्शकाला काय हवं होतं ते ठाऊक असूनही त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एमएला रेफेराट म्हणजे वर्गापुढे मांडायचा विषय, आणि हाउसआर्बाइट म्हणजे सत्राच्या शेवटी द्यायचा लेखी निबंध, यांवर बरंच अवलंबून असतं. विषय निवडताना आपलं मराठी कामाला लावा. ब्रेश्टचं 'थ्री पेनी ऑपेरा' १९२८ साली बर्लिनला रंगभूमीवर आलं. त्याने ते एका जुन्या इंग्रजी नाटकावरून घेतलं होतं. पु. ल. देशपांड्यांनी १९७८ मध्ये त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. ब्रेश्टला प्रेक्षकाने नाटकात वाहवत जायला नको होतं. मग त्याची गाणी मराठी चालींत आल्यावर त्या हेतूचं काय झालं? यावर बर्लिनच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्ही अधिक खोलवर लिहू शकता. हायडेलबर्गचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर आयुष्य घातलं. त्यांचं जर्मन लेखन वाचायला मराठी आणि जर्मन दोन्ही येणारी माणसं हवीत, आणि ती थोडी आहेत.

निबंध मराठीत किंवा इंग्रजीत लिहून मशीनकडून जर्मन करून घेऊ नका. पकडले जाल ही गोष्ट वेगळी. मोठं नुकसान हे की जर्मनमध्ये विचार जुळवायची सवयच लागत नाही. शब्दकोश लवकरात लवकर जर्मन-जर्मन वापरायला लागा, डूडेन किंवा डीडब्ल्यूडीएस. डॉइच वेल या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या रोज ऐका. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनच्या, ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या.

जर्मनीला जाण्याबद्दल थोडक्यात. डीएएडी ही जर्मनीची शिष्यवृत्त्या देणारी संस्था दर वर्षी तिथल्या विद्यापीठांतल्या उन्हाळी वर्गांसाठी शिष्यवृत्त्या देते. एमए तिथेच करायचं तर सी-१ च्या आसपास जर्मन लागतं, आणि टेस्टडाफ किंवा डीएसएच परीक्षा. ज्यांना शिकवायचंय त्यांनी परकीय भाषा म्हणून जर्मन या विषयाकडे पाहावं, त्यासाठी लाइपझिगची हेर्डर इन्स्टिट्यूट नावाजलेली आहे. सरकारी विद्यापीठांत सहसा शिकवणी फी नसते. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. स्वखर्चाने जाणाऱ्यांना एपीएसचं, म्हणजे तुमची इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र आणि बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. अर्ज करताना ती पुन्हा पाहून घ्या, कारण ती वाढत असते.

आता नोकरीचं. बहुतेक कंपन्यांना तुमच्या गुणपत्रिकेवरून तुमचं जर्मन किती हे कळत नाही, त्यांच्या जाहिरातीत बी-२ किंवा सी-१ लिहिलेलं असतं. म्हणून बीए चालू असतानाच गोएथेची बी-२ देऊन टाका, एमए संपेपर्यंत सी-१. शाळेत किंवा संस्थेत शिकवायचं असेल तर गोएथेचं डीएलएल हे शिक्षक प्रशिक्षण करा. अनुवादातलं साधं काम, म्हणजे ईमेल आणि माहितीपत्रकं, मशीनने बरंचसं नेलं आहे. करारनामे, यंत्रांची तांत्रिक पुस्तकं आणि साहित्य यांना अजून जाणकार माणूस लागतो. तांत्रिक अनुवादात उतरायचं असेल तर एखादं क्षेत्र आत्ताच धरा, वाहनं असो की औषधं, आणि त्यातलं जर्मन रोज वाचा. जर्मनमधून थेट मराठीत साहित्य आणणारी माणसं फार कमी आहेत. त्यात पैसे थोडे मिळतात. पण तुमच्यापैकी दोघा-तिघांनी जरी ते हाती घेतलं, तर माझ्याकडे वाचून दाखवायला जरूर या. एकत्र बसून ओळीन्‌ओळ तपासू.