दुसऱ्या गाडीचा हब जुन्या फोर-बाय-फोरला लावण्याआधी

जॅक, स्टँड, हातमोजे, नटांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल. हे सगळ्यांना माहीत असतं. मुद्द्याचं आधी: हबवरच्या (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग) एबीएसच्या रिंगचे दात मोजा. एबीएस म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा; रिंगच्या दातांवरून सेन्सर तिला चाकाचा वेग सांगतो.

भंगारातल्या गाडीचा हब हातात आला की बोल्टची भोकं जुळतात का, स्प्लाइन (अ‍ॅक्सलच्या खाचा) बसतात का, एवढंच आपण बघतो. मीही तेवढंच बघितलं. पार्ट दोन्ही मॉडेलना चालतो असं सांगितलं होतं, बसलाही चपखल. नंतर साधा ब्रेक लावला तरी पेडल पायाखाली थरथरायचं आणि गाडी उजवीकडे ओढायची. परत खोललं तेव्हा कळलं: जुन्या रिंगला ४८ दात, नव्या रिंगला ४४. एबीएसच्या कंट्रोल युनिटला हब बदललेलं डावं चाक ८ टक्के हळू फिरताना दिसायचं. चाक लॉक होतंय असं धरून ते त्याच चाकाचा ब्रेक सोडायचं. एबीएसचा दिवा लागेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. तो लागेलच असं नाही.

म्हणून दात मोजा. तारेच्या ब्रशने माती-गंज काढा, एका दाताला खडू लावा, पूर्ण फेरा मोजा. दोन्ही रिंग, दोनदा. रिंग तडकलेली असेल तर तो हब नकोच. दातच दिसले नाहीत तर बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असेल. ती बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे, उलटी बसली तर सगळं पुन्हा खोला.

सेन्सर जुना, स्वतः व्होल्टेज तयार करणारा असेल तर मल्टिमीटरवर रोध बघा आणि चांगल्या चाकाच्या सेन्सरशी ताडून घ्या. हॉल सेन्सर (बाहेरून वीज लागणारा, चुंबकीय बदल ओळखणारा) असा तपासता येत नाही. याच सेन्सरवर चाक जागच्या जागी घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल चालतं, आणि १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरपासून आलेलं, उतारावर वेग आपोआप आवरणारं हिल डिसेंट कंट्रोलही. एक चुकलं की उतारावरचा आधारही गेला.

स्टिअरिंगला हात लावणार असाल तर बॅटरी काढा, दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. चाकं सरळ ठेवा, क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमागची, एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) फिरू देऊ नका, नाहीतर ती तुटते.

चारही टायर एकाच मापाचे. वायर सस्पेन्शनला घासणार नाही अशी बांधा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळा. ब्रेकचा पाइप सोडला असेल तर ब्रेकची हवा काढा. मग मोकळ्या जागेत, कमी वेगात, दहा वेळा ब्रेक.

हब चढवण्याआधी दात मोजलेत ना? नसतील तर आत्ता उतरवा.