वावरातले उंदीर: धुरीचं मडकं, चाप आणि विषाची पुडी

बीळ कोणाचं आहे हे कळल्याशिवाय मडकं पेटवू नये आणि पुडीही फोडू नये. जुन्या माणसांचं निम्मं कौशल्य बीळ ओळखण्यात होतं. दुकानातल्या औषधाच्या डब्यासोबत ते मिळत नाही, म्हणून महागडं औषध टाकूनही आठ दिवसांनी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ताजी माती दिसते.

बीळ वाचणं

विदर्भातल्या वावरात मुख्यतः तीन तऱ्हेची बिळं सापडतात. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग आणि तोंड बहुधा आतून मातीनं बुजवलेलं असेल तर ती लहान घूस. सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. धानाच्या लोंब्या, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे तोडून बिळात कोठार भरते. तोंड उघडं, भोवती माती फारशी नाही, तर तो झुपकेदार शेपटीचा, हरणासारख्या उड्या मारणारा उंदीर. याच्या बिळाला एक-दोन चोरवाटा असतात आणि त्यांच्या तोंडावर मातीचा पातळ पापुद्रा ठेवलेला असतो, त्यामुळे वरून त्या दिसतच नाहीत. बोटभर रुंदीचं भोक आणि बाहेर मातीचे बारीक खडे असतील तर ते लहान शेतउंदीर.

तोंडावर कोळ्याचं जाळं किंवा वाळका पाला असेल तर बीळ रिकामं समजा. कड घासून गुळगुळीत झालेली, माती उकरल्याची खूण नाही आणि आसपास कात पडलेली, तर सब्बल (पहार) खाली ठेवा. नाग, घोणस, धामण उंदरांच्याच बिळात राहतात. खूण दिसो न दिसो, हात कोणत्याही बिळात घालायचा नाही.

कोवळा हरभरा खुडलेला दिसला तर आधी लेंड्या बघा. उंदराच्या लेंड्या लांबट असतात, सशाच्या गोल. आपल्याकडचा ससा बिळात राहतच नाही, गवतात दबा धरून बसतो. युरोपातला रानससा बिळात राहतो, म्हणून तिकडे फेरेट नावाचा पाळीव, मुंगसासारखा लांबट प्राणी बिळात सोडतात आणि बाकीच्या तोंडांवर लावलेल्या जाळ्यांत ससे धरतात. इथे तसलं काही चालणार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे. घोरपड, मुंगूस आणि धामण यांनाही तोच कायदा लागू. सशाला कुंपण घाला. पुढचं सगळं उंदरासाठी आहे.

जितकी बिळं दिसतात तितकी चालू नसतात. संध्याकाळी सगळी तोंडं ओल्या मातीनं लिंपून टाका. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. त्यांच्याजवळ पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) काडी खोचून खूण करा आणि मोजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण शेवटी हिशोब त्याच्याशीच लावायचा आहे.

कधी

बहुतेक कास्तकार ओंब्या कापलेल्या दिसल्यावर जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात आणि दाणा भरायच्या काळात तर ती विण्यात खंडच पाडत नाही. उन्हाळ्यात वावर उघडं असतं, खायला कमी असतं, उंदीर धुऱ्यांवर आणि नाल्याच्या काठाला गोळा झालेले असतात. मे-जूनमध्ये मारलेली एक मादी म्हणजे दिवाळीत वाचलेली पोतं. दुसरी संधी ऑक्टोबरात. सोयाबीन निघालं की तिथले उंदीर शेजारच्या तुरीत, कपाशीत आणि नुकत्या पेरलेल्या हरभऱ्यात सरकतात. गव्हाची ओंबी पोटात असतानाच काम उरकावं. भंडारा-गोंदियाकडे धान निसवण्याआधी, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याआधी, बांध्यांच्या (धानाच्या वाफ्यांच्या) धुऱ्यांवर एक फेरी हवीच.

धुरी

जे काम तिकडे फेरेट करतो ते इथे धूर करतो: उंदराला बाहेर हाकलणं. लागतं ते एवढंच: तळाला रुपयाएवढं भोक पाडलेलं मातीचं मडकं, तुरीचं किंवा सोयाबीनचं कोरडं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), गोवरीचा विस्तव, चार-पाच सुक्या मिरच्या, हातभर लांब पाइप, जुनी गोणपाटं आणि दोन-तीन माणसं. पाळलेला कुत्रा असला तर एक माणूस वाचतो.

आधी मुख्य तोंडापासून चारही बाजूंनी दहा-बारा पावलं गवत कापून बाकीची तोंडं शोधा. प्रत्येकावर गोणपाटाची पिशवी तोंड आत करून ठेवा आणि कडा खुंट्यांनी दाबा. मासळीच्या जुन्या जाळ्याचा तुकडाही चालतो, पण उंदीर कुरतडायच्या आत उचलावा लागतो. मडक्यात कुटार सैल भरा, मध्ये विस्तव आणि मिरच्या ठेवा, मडक्याचं तोंड बिळाच्या तोंडाला लावा आणि सांध ओल्या मातीनं लिंपा. मग तळाच्या भोकातून पाइपनं फुंका. भोकाला थेट तोंड लावून फुंकलं तर उलटा धूर छातीत जातो, आणि तो मिरचीचा असतो. हातानं फिरवायचा पंखा लावलेला पत्र्याचा धुरी डबा याच मडक्याचा पुढचा अवतार. त्यानं दम वाचतो, बाकी तत्त्व तेच.

पाच-सात मिनिटांत धूर कुठून निघतो ते पाहा. पिशवी नसलेल्या जागी धुराची रेघ उठली तर तीच चोरवाट. लगेच टाच देऊन दाबा. लहान घूस सहसा हट्टी. ती बाहेर न येता आत माती ओढून वाट बुजवते आणि धूर तिच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी फुंकत बसण्यात अर्थ नाही, खोदायला घ्या.

धुरी फसते ती बहुतेक वेळा जमिनीमुळे. काळी माती वाळली की भेगाळते. जानेवारीनंतर वऱ्हाडातल्या भारी वावरात धूर बिळात न थांबता पन्नास भेगांतून निघून जातो. ओल असताना, म्हणजे पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत, हे काम जमतं. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात हंगाम थोडा लांबतो. गव्हाच्या वाळल्या काडात किंवा सोयाबीनच्या गंजीजवळ विस्तव नेऊच नका. पाण्याचा हंडा शेजारी हवा, दुपारचा वारा सुटायच्या आत काम संपवावं.

खोदणं आणि पाणी

सब्बल सरळ तोंडात घालून उचकटू नका, माती ढासळते आणि वाट हरवते. एक लवचिक काडी आत सरकवत जा, ती वळेल तिकडे फावड्यानं वरून कापत चला. कोठार आणि पिल्लांची जागा बहुधा दीड-दोन फुटांवर मिळते. उन्हाळ्यात त्याहून खोल. कोठारातलं धान्य मुतानं घाण झालेलं असतं. ते घरच्या कोठीत मिसळू नये. खोदून झालं की धुरा परत दाबून नीट करा. पोकळ धुरा पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. पाणी ओतायचं तर धानाच्या बांधीत. काळ्या भेगाळ जमिनीत दहा हंडे ओतले तरी कुठे गेले ते कळत नाही.

बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय यात पडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदराच्या अंगावरच्या आणि गवतातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर विभागात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. गवतात बसून काम झालं की घरी आल्यावर अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. पंधरा दिवसांत ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरला वावरातल्या कामाचं आवर्जून सांगा.

पिंजरा, चाप

घरात, गोठ्यात, गंजीपाशी यांचा उपयोग जास्त. वावरात लावायचे तर एकरी वीसेक तरी हवेत. दोन-चार चाप म्हणजे नुसती हौस. उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, त्यामुळे पहिल्या दोन रात्री आमिष ठेवून पिंजरा उघडाच सोडा, चाप न ताणता ठेवा. तिसऱ्या रात्री लावा. आमिष म्हणून भजं, खोबरं किंवा सुकी मासळी. जागा भिंतीला किंवा धुऱ्याला लागून, त्याच्या वाटेवर. मोकळ्या जागी ठेवलेल्या पिंजऱ्याकडे तो फिरकत नाही. चाप तारेनं खुंटीला बांधा, नाहीतर अडकलेली घूस चापासकट बिळात जाते. गोंदाचा पुठ्ठा वापरू नये. त्यात पाली, चिमण्या अडकतात आणि उंदीर दोन दिवस हाल होऊन मरतो.

विषारी आमिष

मोठ्या क्षेत्राला हाच आधुनिक मार्ग, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात फॉस्फिन वायू सोडतं, उंदीर काही तासांत मरतो. पण थोडंच खाऊन जो वाचला तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, त्याची शंका बरेच दिवस जात नाही. म्हणून आधी बिनविषारी चारा देणं टाळता येत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बिळं लिंपा. दुसऱ्या दिवशी चालू बिळांत प्रत्येकी २० ग्रॅम भरडलेली ज्वारी किंवा कणी, थोडं गोडं तेल चोळून, कागदात गुंडाळून ठेवा. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी विष. एक किलो आमिषासाठी भरड ९६० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, झिंक फॉस्फाईड २० ग्रॅम. आधी तेल चोळा, मग पूड टाका, म्हणजे ती दाण्याला धरते. खवट तेल नको, आणि पाणी तर अजिबात नको: ओलाव्यानं वायू आधीच सुटायला लागतो. मिसळायला काठी आणि फुटकं टोपलं वापरा, नाकातोंडावर फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, तंबाखू-बिडी बंद. प्रत्येक बिळात १० ग्रॅमची पुडी वीतभर आत सरकवा आणि तोंड पाल्यानं हलकं झाका. एक किलोत शंभर बिळं होतात. याहून जास्त टाकून जास्त मरत नाहीत.

विष धुऱ्यावर उघडं टाकणं म्हणजे मोर, तितर, शेळ्या आणि गावची कुत्री मारणं. पाऊस येणार असेल तर काम पुढे ढकला. पाचव्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर चिमट्यानं उचलून दोन फूट खोल पुरा, उरलेल्या पुड्याही. मिसळलेलं टोपलं पुन्हा घरात नेऊ नका. पोटात गेलं तर झिंक फॉस्फाईडला उतारा नाही. दूध-तूप पाजत वेळ घालवू नका, डबा सोबत घेऊन थेट रुग्णालयात न्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सगळी बिळं लिंपा. नवव्या दिवशी जी उकरली जातील तिथे शंकेखोर उंदीर उरलेत. त्यांच्यासाठी ब्रोमॅडिओलोन. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, मरायला चार-पाच दिवस किंवा जास्त लागतात, त्यामुळे बाकीच्यांना आमिषाचा संशय येत नाही. तयार केक मिळतो, किंवा ०.२५ टक्क्यांची पूड ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग पूड अशी मिसळून ०.००५ टक्क्यांचं आमिष बनतं. प्रत्येक बिळात १५ ग्रॅम. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरनंच द्यायचा. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाकण्याची पद्धत काही गावांत दिसते. त्या गोळ्या सर्वसामान्य ग्राहकाला विकायला परवानगी नाही आणि त्यांचा वायू माणूसही मारतो. मिळाल्या तरी हात लावू नका.

घुबडासाठी दांडी

गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज खातं. अंगणात घुबड बसलं की अपशकुन मानणाऱ्यांनी वावरातलं तरी हाकलू नये. आठ-दहा फुटी बांबूला आडवी दांडी बांधून इंग्रजी टी सारखे थांबे धुऱ्याजवळ उभे करा. ओंब्या पक्व होऊ लागल्या की काढून घ्या, नाहीतर दिवसा त्यांवर दाणे खाणारी पाखरं बसतात. एक गोष्ट मात्र पक्की: जिथे थांबे लावलेत तिथे ब्रोमॅडिओलोन नको. विष पोटात असलेला उंदीर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. वावराच्या एका टोकाला घुबड आणि दुसऱ्या टोकाला केक, असा तोडगाही निघत नाही. उंदीर आणि घुबड दोघांनाही धुरे कळत नाहीत.

धुऱ्यांवरूनच एक सांगायचं राहिलं. सामाईक धुरा कोणाचाच नसतो, म्हणून गवत तिथेच माजतं आणि घुशीही तिथेच. एकट्यानं आपलं वावर साफ केलं तर पंधरवड्यात शेजाऱ्याचे उंदीर रिकाम्या बिळांत येतात. निदान एका नाल्याच्या दोन्ही काठांच्या कास्तकारांनी लिंपायची संध्याकाळ एकच ठरवावी. धुरे अरुंद ठेवावेत, गवत कापावं, कुटाराच्या गंज्या धुऱ्याला टेकवू नयेत.

केक टाकल्यावर बारा-पंधरा दिवसांनी शेवटचं लिंपण करा आणि सकाळी उकरलेली बिळं पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून बघा. शंभरातली दहा उरली तर ती सब्बलीनं खोदा. चाळीस उरली तर विषाला दोष देण्याआधी बिनविषारी चाऱ्याचे दोन दिवस खरंच पाळले होते का, ते आठवा.