फिरत्या वस्तूंचं गणित: या चुका टाळा

घूर्णन गतीच्या गणिताचं उत्तर चुकलेलं दिसलं की मी आधी आरपीएम (मिनिटाला किती फेरे) कुठे लिहिलाय ते शोधतो. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले ओमेगा (कोनीय वेग), हे सूत्र सगळ्यांना पाठ. प्रश्नात 1.5 किलोवॅटची, 1440 आरपीएमची मोटर असते आणि पोरं 1500 ला सरळ 1440 ने भागून मोकळी होतात. उत्तर 1.04 न्यूटन-मीटर. खरं उत्तर जवळपास 10! ओमेगा रेडियन प्रति सेकंदातच हवा. 1440 ला 2π ने गुणून 60 ने भागलं की 150.8 येतो. पेपरात याचे एक-दोन मार्क जातात, पण तोच चुकीचा टॉर्क धरून शाफ्ट (फिरणारा दांडा) काढलात तर व्यास हवा त्याच्या निम्म्याहून कमी निघतो, आणि असा शाफ्ट पिळवटून तुटतो.

'सर, आरपीएमला नुसतं 9.55 ने भागलं तर?' भागा की. पण हा आकडा म्हणजे 60 भागिले 2π, हे ठाऊक नसेल तर परीक्षेच्या घाईत त्यानेच गुणाल. असे पेपर मी तपासलेत. माझी सवय अशी: प्रश्न वाचतानाच आरपीएमवर काट मारायची, शेजारी ओमेगा लिहायचा, सूत्राकडे मग बघायचं. पडताळ्यासाठी आरपीएमचा दहावा हिस्सा घ्या. 1440 चे 144; ओमेगा त्याच्या थोडासा वर आला पाहिजे.

दुसरी चूक हातपाय तोडणारी आहे. ओमेगा तोच राहिला म्हणजे कडेचा वेगही तोच, असं धरून चालणं.

आमच्या वर्कशॉपमध्ये एकाला चार इंची ग्राइंडरने जाड अँगल कापायचा होता. डिस्क पुरेना. गड्याने गार्ड काढला, भोक मोठं पडतंय म्हणून लेथवर बुश (भोक भरून काढणारी कडी) करून आणला आणि सात इंची डिस्क चढवली. एवढी अक्कल बुश करायला लावली, डिस्कवरची बारीक अक्षरं वाचायला मात्र नाही. मी प्लग उपटला तर म्हणतो, 'सर, मशीनचा स्पीड तर तोच आहे ना!'

तोच होता, 11,000 आरपीएम. तीच तर भानगड. मग फळ्यावर त्याच्याकडूनच मांडून घेतलं. ओमेगा 1152. 100 मिलिमीटरच्या डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला 58 मीटर, 180 मिलिमीटरच्या डिस्कचा 104. डिस्कवर छापलेली मर्यादा 80 मीटर, 8500 आरपीएम. शिवाय डिस्क फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मर्यादेच्या 1.7 पट. वर गार्ड नाही. फुटलेला तुकडा त्रिज्येच्या नव्हे, स्पर्शिकेच्या दिशेने सुटतो. डिस्कच्या रेषेत जो उभा, त्याच्याकडेच येणार. आणि कापताना माणूस नेमका तिथेच उभा असतो. बुश मी ठेवून घेतला.

पट्ट्यावरच्या पुल्यांचं याच्या उलट: पट्टा घसरत नसेल तर कडेचा वेग सारखा, ओमेगा वेगळे. दोन्ही प्रकार एकाच श्वासात पाठ करणारे हमखास अदलाबदल करतात. चित्र काढा.

व्यास दिलाय की त्रिज्या, ते बघा. यावर अजून काय बोलणार?

जडत्व आघूर्ण (फिरण्यातल्या बदलाला वस्तूचा विरोध) काढताना समांतर अक्षाचा प्रमेय एका टोकाच्या अक्षावरून थेट दुसऱ्या अक्षावर लावता येत नाही. आधी वस्तुमान केंद्राच्या अक्षावर या, मग पुढे जा.

घरंगळणाऱ्या चाकाला घर्षण दिसलं की लगेच μN (घर्षण गुणांक गुणिले लंब बल) लिहू नका. न घसरता घरंगळत असेल तर ते घर्षण स्थितिक असतं. μN ही त्याची कमाल मर्यादा. खरी किंमत समीकरणं सोडवूनच मिळते. सपाट जमिनीवर एकसमान वेगाने जाणाऱ्या आदर्श चाकाला तर ते शून्यच.

फिरत्या स्टुलावर हात जवळ घेतले की कोनीय संवेग (जडत्व आघूर्ण गुणिले ओमेगा) टिकतो, गतिज ऊर्जा टिकत नाही. जडत्व आघूर्ण निम्मं झालं की ओमेगा दुप्पट आणि ऊर्जाही दुप्पट. ती हात ओढणाऱ्या स्नायूंनी दिली.

आणि कॅल्क्युलेटर. sin(ωt) काढताना तो रेडियनऐवजी डिग्रीवर असला तर वरचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकणार. उत्तर जुळलं नाही की पोरं आधी पुस्तकातली छपाई चुकली म्हणतात.